घाण्यावरची जीप

१

दसऱ्याच्या सकाळी लष्करी इस्पितळात ड्यूटी माझी होती. दरवर्षी असते. लग्न न झालेल्या बाईला सण नसतो, अशी आमच्या कर्नलसाहेबांची पक्की समजूत आहे. जयपुरात आपटा कुठला मिळायला, आम्ही मराठी मंडळी कचनाराची पानं सोनं म्हणून वाटतो. ती पानं टेबलावर घेऊन मी बसले होते, तेवढ्यात आनंदराव भोइट्यांना आणलं.

आणणारे दोघे होते. एक त्यांचा चुलतभाऊ सदाशिव, बँकेत अधिकारी. त्याचा नवा रेशमी सदरा रक्तानं अंगाला चिकटला होता. दुसरा भँवरलाल मिस्त्री, आनंदरावांच्या वर्कशॉपमध्ये काम करणारा. आनंदराव संपलेले होते. छातीचा पिंजरा आत बसला होता, दोन बरगड्यांची टोकं कातडी फाडून बाहेर आली होती आणि तोंडातून आलेलं रक्त मिशांत वाळत चाललं होतं. मेलेली माणसं पाहणं हा माझ्या पोटापाण्याचा धंदा आहे. पण या माणसाच्या घरी मी दर रविवारी जेवत होते. मी पानं ड्रॉवरमध्ये कोंबली आणि हात धुवायला गेले. रडायचंच तर नळ चालू असलेला बरा.

सदाशिवरावांनी सांगितलं ते असं. आनंदराव लष्करातून निवृत्त झाल्यापासून आदर्श नगरच्या घरामागे गाड्या दुरुस्त करत. यंदा त्यांनी लष्कराच्या लिलावातून एक जुनं यंत्र आणून तिथं बसवलं होतं. जमिनीत खड्डा, खड्ड्यात दोन लोखंडी रोलर आणि त्या दोन रोलरांच्या मधल्या खोबणीत गाडीची मागची चाकं. गाडी सुरू केली की चाकं फिरतात, रोलर फिरतात, गाडी मात्र जागच्या जागी. इंजिनात ताकद किती, ते तबकडीवरचा काटा सांगतो. गल्लीतले लोक त्याला आनंदरावांचा घाणा म्हणत. गाडी पुढं पळू नये म्हणून मागून एक जाड साखळी जमिनीतल्या कडीला अडकवायची. आज मुहूर्तावर पहिल्यांदाच जीप चालवली. साखळीचा हुक सुटला, जीप उसळली आणि समोर उभ्या असलेल्या आनंदरावांना तिनं भिंतीशी चिरडलं.

"आनंदचा लष्करातला जुना सोबती उमाकांत आधी पोचला. त्यानं लगेच इंजिन बंद केलं," सदाशिवराव म्हणाले. "पण एका धक्क्यातच सगळं संपलं होतं."

मी आनंदरावांच्या मुठी उघडल्या. दोन्ही तळव्यांवर जीपच्या पुढच्या जाळीचे उभे पट्टे उमटले होते. फुटलेल्या रेडिएटरचं उकळतं पाणी त्यांवरून वाहिलं असणार, कारण कातडी पांढरी होऊन सुटली होती आणि खालचं मांस शिजलं होतं. भाजलेल्या भागाच्या कडेला लाली होती. लाली येते ती जिवंत माणसालाच.

एका धक्क्यात संपलेला माणूस हात शिजेपर्यंत जाळी ढकलत राहत नाही. जीप त्यांना दाबत राहिली होती, आणि ती कुणी लगेच बंद केलेली नव्हती. मी हे सदाशिवरावांना विचारणार, तोच भोइट्यांच्या शेजाऱ्यांचा फोन आला. आनंदरावांच्या बायकोनं ऐरणीवर हात ठेवून त्याच्यावर हातोडा घालून घेतला होता.

२

चारुलता वर्कशॉपच्या दाराशी भिंतीला टेकून बसली होती. उजवा हात पदरात गुंडाळून मांडीवर घेतलेला. पदर सोडवला तेव्हा बोटं चार दिशांना गेलेली दिसली. तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून ठेचलं होतं. तिनं एकदा नाही, पुष्कळदा मारलं होतं, तेही डाव्या हातानं, नेम चुकत चुकत.

सासूबाई, पार्वतीबाई, ओसरीवर बसून हे सगळं पाहत होत्या. मुलगा गेला तरी त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "हुक हिनं लावला," त्या मला म्हणाल्या. "माज्या लेकाला हिनं मारलं, आन् आता हात फोडून कुनाला दावतीया?"

मी म्हटलं, आणखी एक शब्द बोललात तर तुम्हालाही सुई टोचून झोपवीन. शोक मला कळतो. पण शोकाच्या नावावर दुसऱ्याला सोलून काढणं मला कळत नाही. तरी त्यांची नजर काही सुनेवरून हलली नाही.

मी बोटांना फळ्या बांधत होते तोवर चारुलता बोलत राहिली. इंजेक्शननं तिची जीभ जड झाली होती. साखळीचा हुक लावायचं काम आनंदरावांनी मुद्दाम तिच्याकडे दिलं होतं. जीव जिच्यावर टांगायचा ती कडी घरच्या माणसानंच लावावी, असं ते म्हणायचे. धाकटा दीर जयंत गेल्या वर्षीच्या लढाईत गेला, तो गोळीनं नाही. चढावर त्याच्या जीपचं इंजिन ओढेना, जीप मागं घसरली आणि दरीत कोसळली. वाचलेला शिपाई घरी येऊन सांगून गेला की गाडी नुकतीच ओव्हरहॉल होऊन आली होती. तेव्हापासून आनंदरावांना दुसरं काही सुचत नव्हतं. त्याच खेपेतली एक जीप लिलावात निघाली, ती त्यांनी घेतली. यंत्रही घेतलं. रोलर उंटगाडीवरून घरी आले तेव्हा अख्खी गल्ली बघायला जमली होती. खड्डा खणणं, सिमेंट ओतणं, गच्चीवर पाण्याची टाकी चढवणं, सगळं त्यांनी उन्हाळाभर स्वतः उभं राहून करून घेतलं. जीपच्या इंजिनात खरी ताकद किती, एवढंच त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं.

"हुक बसला की टक् असा आवाज येतो," चारुलता म्हणाली. "मी ऐकला होता, डॉक्टरबाई. आता वाटतं, ऐकला की नाही? मीच मारलं का त्यांना?"

धीर द्यायला म्हणून खोटं बोलले असते तर तिनं तेव्हाच ओळखलं असतं. ती बोटं पुन्हा वळणार नव्हती, हे मात्र मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हटलं, मी शोधून काढते, तोवर दुसऱ्या हाताला काही करायचं नाही.

तिला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा ती अर्धवट झोपेत पुटपुटली, की हुक तिनं आज लावलाच नव्हता. काल खंडेनवमी. जीप काल सकाळीच रोलरवर चढवून, हुक लावून मग तिनं सगळ्या हत्यारांची पूजा केली होती. पूजेनंतर हत्याराला हात लावायचा नसतो. म्हणजे कालपासून आज सकाळपर्यंत तो हुक कुणालाही काढता आला असता.

३

वर्कशॉपमध्ये इन्स्पेक्टर राठोड पंचनामा आटोपत होते. त्यांना यंत्र समजावून सांगत होते उमाकांत दळवी. हे आनंदरावांचे लष्करातले जुने सोबती. झोटवाड्याच्या रस्त्यावर त्यांचा इंजिनं ओव्हरहॉल करायचा कारखाना आहे. यंत्र बसवायला त्यांनी माणसं दिली होती आणि रोज संध्याकाळी स्वतः येऊन खड्ड्यात उतरत होते. डोळे रडून सुजलेले. आवाज मऊ.

"वहिनींना कुणी काही बोलू नका," ते राठोडांना हिंदीत आणि मला मराठीत सांगत होते. "हुक अर्धवट बसला असेल. बाईमाणसाच्या हातून चूक होते."

इतक्या मायेनं कुणावर खुनाचा आळ घातलेला मी आजवर ऐकला नव्हता. राठोडांनी मान डोलावली आणि अपघात असं ठरवून टाकलं. सणाचा दिवस, त्यांनाही घरी जायचं असणार.

मी आत फिरले. भिंतीवर अजून रक्त होतं, त्यात केस चिकटलेले. जीपची मागची चाकं रोलरांच्या पुढं फरशीवर आलेली. बाकी सगळीकडे काल चारुलतेनं लावलेलं हळदकुंकू: पाने, हातोडे, ऐरण, बगरूच्या छापील कापडावर मांडलेले स्क्रू-ड्रायव्हर, प्रत्येकावर एक पिवळा आणि एक लाल ठिपका, शेजारी शेजारी. आज ज्यांना हात लागले त्या स्टिअरिंगवरचे आणि गिअरवरचे ठिपके फिसकटले होते. तबकडीशेजारी भिंतीलगत एक लोखंडी दांडी होती, तिच्या मुठीवर कुंकू ताजं होतं. ही कशाला, मी उमाकांतरावांना विचारलं.

त्यांनी सांगितलं की ती दांडी ओढली की रोलर जाम होतात. गाडी रोलरवर चढवताना आणि उतरवताना तेवढी लागते. "गाडी चालू असताना तिला कुणी हात लावत नाही," ते म्हणाले, आणि बोलता बोलता माझ्या आणि दांडीच्या मध्ये येऊन उभे राहिले.

त्या दिवशी मी चौघांनाही विचारून घेतलं. जीप सुरू करून, गिअर टाकून, ॲक्सिलरेटरची खुंटी ओढून ठेवून आनंदराव पंख्याचा आवाज ऐकायला जीपसमोर गेले, तेव्हा चारुलता ओवाळणीचं ताट आणायला स्वयंपाकघरात होती. सदाशिवराव फाटकाशी आपल्या स्कूटरला झेंडूचा हार बांधत होते. यंत्राच्या आवाजावरून त्यांचं आणि आनंदरावांचं उन्हाळाभर वाजलं होतं, अर्धं घर माझं आहे अशी भाषाही झाली होती. ते त्यांनी स्वतःच कबूल केलं आणि मग माझ्यासमोर ओक्साबोक्शी रडले. भँवरलाल यंत्राला पाणी सोडायला गच्चीवर टाकीचा कॉक उघडत होता. आदल्याच दिवशी आनंदरावांनी त्याच्या कानाखाली वाजवली होती, बोल्ट वाकडा आवळला म्हणून. उमाकांतराव म्हणाले की ते मागच्या नळावर हात धूत होते आणि आवाज ऐकताच धावले.

भँवरलालनं एक गोष्ट सांगितली, तिनं माझं जेवण गेलं. धडाका झाल्यावर तो शिडीवरून उतरू लागला. टाकीची शिडी लांब आणि उभी. "बाईसा," तो म्हणाला, "मैं सीढ़ी आधी उतर चुका, तब तक इंजन चिल्ला रहा था. और साहब भी."

उमाकांतराव आधी पोचले होते, हे सगळ्यांनाच मान्य होतं. मग आनंदराव ओरडत असताना ते करत काय होते?

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या करायला घेतल्या आणि तशाच सोडल्या. शेजारणीकडून दुसरं लाटणं मागून आणलं. दोन्ही लाटणी ओट्यावर शेजारी शेजारी ठेवली, दोन्ही टोकांना डबे लावले, म्हणजे ती जागीच फिरतील पण लांब पळणार नाहीत. मग पावडरचा गोल डबा त्यांच्यावर आडवा ठेवून तळव्यानं फिरवला. डबा फिरला, लाटणी फिरली. डबा खोबणीतून हलेना. हवा तेवढा जोर लावला, तरी तो नुसता गरगरत राहिला.

साखळी नव्हती, हुक नव्हता. तरी डबा पुढं पळाला नाही. पळेल कशाला? त्याच्या खाली पळायला जमीनच नव्हती, जेवढा तो फिरे तेवढं लाटणं मागं जाई. मग मी पुढचं लाटणं डाव्या हाताच्या अंगठ्यानं घट्ट दाबून धरलं आणि डबा पुन्हा फिरवला. तो त्या लाटण्यावर चढला, पलीकडे उडाला आणि दुधाच्या पातेल्यावर जाऊन आदळला. दूध सांडलं. ते न पुसताच मी तेच पुन्हा करून पाहिलं.

जीप हुक सुटल्यामुळं बाहेर आली नव्हती. रोलर मोकळे असते तर ती संध्याकाळपर्यंत तिथंच गरगरली असती. ती बाहेर आली, म्हणजे कुणीतरी चालत्या जीपखाली रोलर जाम केले होते. आणि मी पाहिलं तेव्हा दांडी पुन्हा मोकळ्या बाजूला होती.

इस्पितळात जाऊन मी चारुलतेच्या खाटेशी बसले. तिला लाटण्यांचं काही सांगितलं नाही. अर्धवट आशा देणं हे अर्धवट भूल देण्यासारखं असतं. मी फक्त विचारलं, खंडेनवमीला त्या दांडीवर तू कुंकू कसं लावलंस?

"सगळ्यांना लावलं तसंच. आधी हळद, मग कुंकू."

"हळदीशिवाय नुसतं कुंकू? उभं बोट ओढून?"

"उभं तर पुरुष लावतात, गंध. बाई कशाला असं लावेल?"

मी त्या मुठीवर जे पाहिलं होतं ती एक उभी लाल रेघ होती. पिवळा ठिपका नव्हता. दांडी ओढणाऱ्याच्या तळव्याला चारुलतेचे ठिपके पुसून आले असणार. सगळ्या वर्कशॉपमध्ये ती एकच मूठ उघडी दिसली, तर घरातली कुणीही बाई विचारील की हिचं हळदकुंकू कुठं गेलं. तेव्हा त्यानं तबकातलं कुंकू घेतलं आणि रोज सकाळी स्वतःच्या कपाळावर ओढतो तसं बोट ओढलं. दुसरा कुणी मूठ पुसून मोकळा झाला असता. हा आपल्या घरच्या रीतीतला माणूस होता म्हणून त्याला कुंकू लावायचं सुचलं, आणि पुरुष होता म्हणून हळद सुचली नाही. पाणी घालून कालवलेलं कुंकू मी पाहिलं तेव्हाही ओलसर होतं, म्हणजे ते आनंदराव गेल्यानंतर लावलेलं. त्या वेळी सदाशिव आणि भँवरलाल माझ्यासमोर, इस्पितळात होते. वर्कशॉपची राखण करायला मागं राहिला होता एकच पुरुष.

राठोडांना मी हे सांगितलं. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डॉक्टर साहिबा, एक लकीर पर मैं किसको फाँसी चढ़ाऊँ?" त्यांचं काही चुकलं नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला. मी म्हटलं, मग जीप पुन्हा चालवू. तिच्यासमोर मी उभी राहते.

५

तिसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावलं. भँवरलालनं जीप पुन्हा रोलरवर चढवली होती आणि फुटलेला रेडिएटर काढून दुसरा बसवला होता. त्याला मी आणखी एक काम सांगितलं होतं, ते राठोडांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. चारुलता गळ्यात हात बांधून खुर्चीवर बसली. पार्वतीबाई दाराशी. सदाशिवराव बाकाला टेकून. उमाकांतरावांना मी तबकडीचा काटा वाचायची विनंती केली, म्हणजे ते दांडीच्या हातभर अंतरावर उभे राहिले.

साखळी मी सगळ्यांदेखत सोडवून कोपऱ्यात टाकली. उमाकांतराव म्हणाले, डॉक्टर, हा वेडेपणा आहे, पुन्हा तेच होईल. पार्वतीबाईंनी देवाचं नाव घेतलं. मी भिंत आणि जीप यांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. पाठीला भिंतीवरचे ते डाग होते. भँवरलालनं इंजिन सुरू केलं, गिअर टाकला, खुंटी ओढली आणि खाली उतरून बाजूला झाला.

मला भीती वाटली. लाटणी आणि पावडरचा डबा यांच्या भरवशावर आपण गाडीपुढं उभ्या आहोत, हे त्या आवाजात पहिल्यांदा कळलं. मागची चाकं भिरभिरत होती, जमीन थरथरत होती, जाळीतून गरम वारा पोटावर येत होता. सदाशिवराव बाकावर चढले. राठोड खांबाआड गेले. जीप मात्र बोटभरही पुढं आली नाही.

"चारुलता, बघ," मी ओरडून सांगितलं. "साखळी नाही. हुक नाही. गाडी कुठं येतेय?"

चारुलता खुर्चीवरून उठली. कुणाला काही कळायच्या आत ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि तिनं डावा हात जीपच्या जाळीवर टेकला. तिचे ओठ हलत होते. मला काही ऐकू आलं नाही. हे मी ठरवलेलं नव्हतं. मी तिला ओढू लागले, ती हलेना.

गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा ब्रेक लागला होता; तो रोलर जाम करत नाही, नुसतं ओझं देतो. मी मान वळवून तबकडीकडे पाहिलं. साठ घोड्यांचं म्हणून ओव्हरहॉल झालेलं इंजिन जीव तोडून ओरडत होतं आणि काटा तिशीच्या पुढं सरकत नव्हता. जयंतच्या जीपला चढ का चढवला नाही, ते तिथं दिसत होतं. त्या खेपेच्या गाड्या कुणाच्या कारखान्यातून रंगून आल्या होत्या, हे राठोडांनी सकाळीच विचारून घेतलं होतं. वरून नवीन रंग आणि आत पिस्टनच्या जुन्याच रिंगा. आनंदरावांनी हा काटा एकदा वाचला असता तर झोटवाड्याचा कारखाना संपला असता, आणि कारखानदारही.

सगळ्यांचे डोळे आम्हा दोघींकडे होते. उमाकांतराव अगदी सहज, भिंतीला टेकावं तसे मागं सरकले. त्यांचा हात पाठीमागं गेला. आम्ही दोघी चिरडलो असतो तर साखळीशिवाय जीप उसळते हेच पुन्हा सिद्ध झालं असतं. त्यांनी दांडी ओढली.

खट् असा आवाज झाला आणि काहीच झालं नाही. खड्ड्यात उतरून दांडीला रोलरांशी जोडणारी खालची पिन भँवरलालनं पहाटेच काढून ठेवली होती.

"उमाकांतजी," राठोड खांबाआडून म्हणाले, "हाथ वहाँ क्या कर रहा है?"

६

मऊ बोलणारा माणूस एवढा चपळ असेल असं वाटलं नव्हतं. बाकावर जीप सुरू करायचं लोखंडी हँडल पडलं होतं. ते उचलून उमाकांत राठोडांकडे नाही, माझ्याकडे आला. मी चारुलतेला ढकललं एवढंच. हँडल माझ्या उजव्या खांद्यावर बसलं. गळ्याचं हाड मोडल्याचा आवाज मी आतून ऐकला. दुसरा घाव त्यानं डोक्यावर धरला होता, पण सदाशिवराव बाकावरून सरळ त्याच्या पाठीवर पडले. ज्या माणसाला मी दोन दिवस रडूबाई समजत होते, त्यानं उमाकांतचे केस धरून त्याचं तोंड जीपच्या मडगार्डवर आपटलं, दोनदा, तीनदा. दात पडले ते मला दिसले. राठोड ओरडत होते, कुणी ऐकत नव्हतं.

उमाकांतनं हिसडा देऊन त्याला झटकलं आणि फरशीवर सांडलेल्या तेलावर त्याचा पाय गेला. तो खड्ड्याच्या कडेला पडला. आधारासाठी पसरलेला हात फिरत्या टायर आणि रोलरच्या मध्ये गेला.

तो आवाज मी लिहीत नाही. भँवरलालनं झडप घालून इंजिन बंद केलं तोवर हात कोपराच्या वर फाटला होता आणि रक्त दर ठोक्याला हातभर उडत होतं.

माझा उजवा हात लुळा पडला होता. मी त्याच्याशेजारी गुडघ्यावर बसले आणि खरं सांगते, एक क्षण काहीच केलं नाही. आनंदराव ओरडत असताना या माणसानं आधी दांडी जागेवर नेली होती आणि मग किल्ली फिरवली होती. त्याचं रक्त फरशीवरून खड्ड्यात उतरत होतं आणि मी ते बघत होते. मग सवयीनं माझा डावा हात त्याच्या काखेकडे गेला, पण एका हातानं शीर दाबायची आणि पट्टा आवळायचा, दोन्ही जमेना. सदाशिवराव भिंतीशी ओकत होते. राठोडांच्या हातांत जोर होता, पण ते दाबत होते ती जागा चुकत होती.

"सरका," चारुलता म्हणाली.

ती खाली बसली. मी तिचा डावा अंगठा धरून काखेतल्या शिरेवर ठेवला आणि दाब म्हटलं. तिनं दाबलं. रक्त थांबलं. नवऱ्याला मारणाऱ्याचा जीव तिच्या अंगठ्याखाली उडत होता, आणि ते तिलाही कळत होतं, त्यालाही. मी राठोडांच्या मदतीनं त्यांचाच पट्टा आवळायला घेतला.

"मरणार नाही ना, डॉक्टरबाई?" तिनं विचारलं.

"तू सोडलं नाहीस तर नाही."

ती वाकली. उमाकांतचा चेहरा पांढरा पडला होता, फुटलेल्या ओठांतून फेस येत होता. ती त्याच्याशी अगदी हळू बोलली. तिनं तिच्या नवऱ्याबद्दल विचारलं नाही, जयंतबद्दल विचारलं नाही.

"भावजी, हुक लागलेला होता का?"

त्यानं डोळे मिटले. तिनं अंगठा किंचित सैल केला. रक्ताची चिळकांडी तिच्या गालावर उडाली, आणि तिनं पुन्हा दाबलं. मी तिला थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही.

"लागलेला होता," तो म्हणाला. "पक्का. मी सकाळी काढला."

"मोठ्यानं सांगा," चारुलता म्हणाली. "आई तिकडं दाराशी आहेत."

त्यानं मोठ्यानं सांगितलं. दाराशी पार्वतीबाईंनी उंबऱ्यावर बसकण मारली आणि आपलं कपाळ चौकटीवर आपटायला सुरुवात केली. चारुलतेनं तिकडं पाहिलं नाही. तिनं मला विचारलं की गाडी यायला किती वेळ लागेल. मी म्हटलं, लागेल थोडा. ठीक आहे, ती म्हणाली, मी धरते, आणि इस्पितळाची गाडी फाटकात येईपर्यंत ती त्याला धरून बसली.